किल्ट कोणाकडून घ्यावा

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा इथल्या किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या रॉयल माइल या रस्त्यावर किल्टची, म्हणजे स्कॉटिश पुरुष कमरेला गुंडाळतात त्या चुणीदार, गुडघ्यापर्यंतच्या वस्त्राची दुकाने इतकी आहेत की, नवख्या माणसाला हे वस्त्र मिळवणे अगदी सोपे काम वाटावे. काचेआड लाल-हिरव्या टार्टनच्या, म्हणजे चौकडीच्या नक्षीच्या कापडाच्या, रांगा टांगलेल्या असतात, दारातून बॅगपाइपचे ध्वनिमुद्रित सूर बाहेर येत असतात, आणि एखाद्या साध्या जेवणाच्या दोन-तीन पट किमतीत किल्ट, पट्टा आणि स्पोरन, म्हणजे पुढे लटकवायची पिशवी, असा सगळा संच मिळेल अशी पाटी लावलेली असते. त्याच शहरात असेही दुकान असते, जिथे नुसत्या किल्टलाच कित्येकशे पाउंड मोजावे लागतात आणि तो हातात पडायला दोन-तीन महिने थांबावे लागते. दोन्ही ठिकाणी वस्तूचे नाव एकच, आणि विक्रेत्याचा आत्मविश्वासही सारखाच.

माझ्या भाच्याचे लग्न स्टर्लिंगजवळच्या एका मुलीशी ठरले, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरात आला. मुलीकडच्यांनी काहीही आग्रह धरला नव्हता. किल्ट घालण्याची इच्छा त्याची स्वतःची होती. मला ती मनापासून आवडली. दुसऱ्या समाजाचा पोशाख अंगावर घ्यायचा, तर तो त्या समाजातल्या जाणत्या माणसाला खटकणार नाही इतक्या नीटपणे घ्यावा, असे मला वाटते. आणि नीटपणा हा शेवटी विकत देणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो. त्यानंतरच्या काळात मी जेवढे विक्रेते, विणकर आणि शिवणारे कारागीर यांच्याशी बोललो, त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली: जो विक्रेता तुम्हाला सर्वांत आधी प्राचीन परंपरेविषयी सांगतो, त्याच्यापेक्षा जो कापडाचे वजन, गिरणीचे नाव आणि शिवणाऱ्याचा हात यांविषयी सांगतो, तो अधिक भरवशाचा.

याला कारण आहे, आणि ते या पोशाखाच्या इतिहासातच आहे. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्या जॅकोबाइट बंडखोरांचा कलोडनच्या लढाईत पराभव झाल्यावर 1746 मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्याने स्कॉटलंडमधील पुरुषांना आणि मुलांना तिथल्या उत्तरेकडील डोंगराळ हायलँड भागाचा हा पोशाख घालण्यास मनाई केली. सैन्यातले लोक तेवढे त्यातून वगळले होते. ही बंदी 1782 मध्ये उठली. मधल्या साडेतीन दशकांत रोजच्या वापरातली सवय बरीचशी मोडली, आणि नंतर जे पुन्हा उभे राहिले त्यात स्मरण किती आणि नवी रचना किती हे वेगळे काढणे अवघड झाले. बॅनकबर्नच्या विल्सन घराण्याची विणकाम-पेढी सैन्यासाठी आणि शहरी ग्राहकांसाठी टार्टन विणत असे. त्यांच्या पुष्कळ नमुन्यांना आधी नुसते क्रमांक किंवा गावांची नावे होती आणि आज ते ज्या हायलँडी कुळांचे मानले जातात, त्यांची नावे नंतर चिकटली. 1815 मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुलप्रमुखांना आपापल्या टार्टनचे नमुने शिक्क्यानिशी पाठवायला सांगितले, तेव्हा कित्येकांना आपले टार्टन नेमके कोणते हेच सांगता येईना. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरात आला, त्या समारंभाची आखणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी केली, आणि टार्टनची मागणी एकाएकी वाढली. पुढे 1842 मध्ये सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवून घेणाऱ्या दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधारे म्हणून टार्टनांचा एक भारदस्त ग्रंथ छापला. ते हस्तलिखित बनावट असल्याचे आज अभ्यासक मानतात, तरीही त्यातले कित्येक नमुने आजही कुळांचे अधिकृत टार्टन म्हणून विणले जातात.

हे सांगण्यात मला त्या पोशाखाचा अधिक्षेप करायचा नाही. दोनशे वर्षे माणसांनी लग्नात, अंत्ययात्रेत आणि युद्धात जे अंगावर वागवले, ते त्यांचे झालेच. परंतु ज्या वस्त्राच्या प्राचीनतेचा दावा इतका गुंतागुंतीचा आहे, त्याची विक्री केवळ त्या दाव्यावर करणाऱ्याला माहिती तरी नसते किंवा माहिती असूनही तो ती दडवतो. एका दुकानात आम्हाला सांगण्यात आले की, जगातल्या कोणत्याही आडनावाचे टार्टन शोधून देता येते. आमचे आडनाव साताऱ्याकडचे. यंत्रात ते घातल्यावर जे नाव निघाले ते ऐकून भाच्याने नम्रपणे आभार मानले आणि आम्ही बाहेर पडलो.

त्याउलट दुसऱ्या एका ठिकाणी काउंटरमागच्या बाईंनी शांतपणे समजावले की, कुळाशी नाते नसलेल्या माणसासाठी प्रदेशांची टार्टन असतात, सर्वांना मोकळी असलेली टार्टन असतात, आणि कोणाला कोणते घालण्यास बंदी करणारा सर्वसाधारण कायदा नाही. मात्र राजघराण्याच्या बॅल्मोरल टार्टनसारखे काही अपवाद पाळले जातात आणि काही नमुने विणायला त्यांच्या धन्याची परवानगी लागते. स्कॉटिश संसदेने 2008 मध्ये कायदा करून टार्टनची राष्ट्रीय नोंदवही स्थापन केली आणि ती 2009 पासून खुली आहे. तिथे नमुन्याचे नाव, नोंदणीची तारीख आणि त्यावरचे निर्बंध कोणालाही पाहता येतात. विक्रेत्याने सांगितलेले नाव त्या नोंदवहीत पाहून घ्यावे, यात कोणाचा अपमान नाही. चांगला विक्रेता स्वतःच तसे सुचवतो. भाच्याने शेवटी स्टर्लिंग आणि बॅनकबर्न या प्रदेशाचे टार्टन निवडले, कारण मुलगी तिथली. मला ती निवड अगदी योग्य वाटली.

आता कापडाकडे येतो, कारण खरी फसवणूक इथेच होते. चांगल्या किल्टचे कापड वर्स्टेड लोकरीचे असते, म्हणजे लांब तंतू विंचरून, सरळ करून, घट्ट पीळ दिलेल्या धाग्याचे. त्याची वीण तिरकी, ट्विल असते, आणि त्यामुळे दोन रंग जिथे एकमेकांना छेदतात तिथे बारीक तिरप्या रेघा दिसतात. वजन दर यार्डाला औंसांत सांगतात: दहा-अकरा औंसांचे हलके, तेरा औंसांचे मध्यम आणि सोळा औंसांचे जड. जड कापडाच्या चुण्या अधिक काळ धारदार राहतात आणि चालताना ते डोलते. हलके कापड उन्हाळ्यात बरे, पण लवकर चुरगळते. विक्रेत्याला वजन विचारल्यावर तो लगेच आकडा सांगतो की ‘उत्तम दर्जाचे आहे’ असे म्हणतो, एवढ्यावरूनही पुष्कळ कळते.

दुसरा प्रश्न गिरणीचा. स्कॉटलंडमध्ये टार्टन विणणाऱ्या गिरण्या आता मोजक्याच उरल्या आहेत, आणि व्यवसायातल्या प्रत्येकाला त्यांची नावे पाठ असतात: सेलकर्कची लॉकॅरन, तिथलीच डी. सी. डॅलग्लीश, फॉरफारची स्ट्रॅथमोर, पर्थची हाउस ऑफ एडगर. इंग्लंडमध्ये यॉर्कशरातही चांगले टार्टन विणले जाते. यांपैकी कोणाचे कापड आहे हे सांगण्यात प्रामाणिक विक्रेत्याला अडचण नसते. उलट तो नमुन्याचे तुकडे टपालाने पाठवतो, आणि ते दिवसाच्या उजेडात पाहा असे सांगतो, कारण एकाच टार्टनच्या रंगछटा वेगवेगळ्या असतात. गडद छटेला ‘मॉडर्न’ म्हणतात, फिकट छटेला ‘एन्शंट’, उन्हापावसात विटल्यासारख्या करड्या-तपकिरी छटेला ‘वेदर्ड’. या छटांवरून नमुन्याचे वय ठरत नाही, ही गोष्ट ग्राहकाला आपणहून सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याचा पत्ता लिहून ठेवावा.

स्वस्त संचातले कापड बहुधा ॲक्रिलिक असते किंवा पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसचे मिश्रण असते. मिश्रणाचे कापड वाईटच असे मी म्हणणार नाही. बॅगपाइप वाजवणाऱ्या मुलांच्या रोजच्या सरावाला किंवा मैदानी खेळांना ते सोयीचे पडते, धुता येते, आणि काही चांगले विक्रेते ते तसे सांगून विकतात. आक्षेप आहे तो त्याला लोकर म्हणण्याला. ब्रिटनमध्ये कापडावर धाग्यांचे प्रमाण लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे, मात्र ते कोणत्या देशात तयार झाले हे लिहिणे बंधनकारक नाही. म्हणून लेबलवर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, दोन्ही वाचावे लागते. ‘स्कॉटलंडमध्ये आरेखित’ एवढेच लिहिलेले असेल, तर शिवण कुठली हे विचारायला हवे. भाच्याच्या एका मित्राने पर्यटकांच्या रस्त्यावरून ‘शुद्ध लोकर’ म्हणून घेतलेला किल्ट आम्हाला दाखवला. आतल्या बाजूचा एक सुटा धागा काढून त्याने तो जाळून पाहिला. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत भुरभुरते. इथे प्लॅस्टिकचा वास आला आणि टोकाला कडक काळा मणी तयार झाला. त्या तरुणाचा हिरमुसलेला चेहरा पाहून मला फार वाईट वाटले, कारण त्याने आजोबांच्या आठवणीसाठी तो किल्ट घेतला होता.

इथे सियालकोटचा विषय निघतो. पाकिस्तानातले हे शहर फुटबॉल आणि शस्त्रक्रियेची अवजारे यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि बॅगपाइप, स्पोरन, किल्ट हेही तिथे मोठ्या प्रमाणावर तयार होऊन जगभर जातात. स्कॉटलंडमध्ये त्यांचे नाव काही जण तिरस्काराने घेतात. मला तो तिरस्कार पटत नाही. तिथल्या कारागिराच्या हातात कसब आहेच. तो मागणीप्रमाणे आणि ठरलेल्या किमतीत माल देतो. खोटेपणा सुरू होतो तो त्यावर स्कॉटलंडचे नाव लागते तेव्हा, आणि ते नाव लावणारा सहसा तो कारागीर नसतो. पैठणी घेणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही: यंत्रावर विणलेली पैठणीसारखी साडी कमी किमतीत घेणे यात गैर काही नाही, पण तीच येवल्याच्या हातमागावरची म्हणून विकली जाते तेव्हा विणकराचे पोट आणि ग्राहकाचा विश्वास दोन्ही मारले जातात. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. स्कॉटलंडमध्येही हॅरिस ट्वीड या लोकरी कापडाला 1993 च्या कायद्याचे संरक्षण आहे. आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या रहिवाशांनी आपल्या घरी हाताने विणलेल्या कापडावरच त्याचा गोलाचे चिन्ह असलेला शिक्का बसतो. किल्टला असे कवच नाही. कोणीही कशालाही किल्ट म्हणू शकतो, म्हणून सगळा भार विक्रेत्याच्या सचोटीवर आणि ग्राहकाच्या नजरेवर येतो.

ती नजर मला पर्थकडच्या एका वयस्क कारागीर बाईंनी दिली. त्यांनी टेबलावर किल्ट उलटा पसरला आणि म्हणाल्या, पुढून काहीही छान दिसते, आतून पाहा. पारंपरिक पुरुषी किल्टला आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास कापड लागते. दुहेरी पन्ह्याचे चार यार्ड घेऊन ते मधोमध फाडतात आणि जोडतात. मग वीस-तीसच्या दरम्यान चुण्या अशा घालतात की, मागून पाहिल्यावर टार्टनचा नमुना अखंड दिसावा. सैन्यात मात्र प्रत्येक चुणीवर एकच ठरावीक पट्टा येईल अशी पद्धत आहे. कमरेपासून नितंबापर्यंत या चुण्या हाताने शिवतात, आणि प्रत्येक चुणी वर निमुळती होत जाते, कारण कंबर नितंबापेक्षा अरुंद असते. आडव्या रेषा एका चुणीवरून दुसरीवर जाताना जराही वरखाली होता कामा नयेत. आत कॅनव्हासचा आधार देतात, त्यावर सुती अस्तर. पुढे एकमेकांवर येणाऱ्या दोन सपाट पदरांपैकी वरच्याचा मधला पट्टा बरोबर मध्यावर यायला हवा. आणि सर्वांत सोपी खूण खालच्या कडेला: किल्टसाठी विणलेल्या कापडाचा काठच खाली ठेवतात, तिथे दुमडून शिवलेली पट्टी नसते. पट्टी दिसली तर कापड किल्टसाठी विणलेले नव्हते हे बहुतेक नक्की समजावे.

अशा एका किल्टच्या हातशिलाईत पंधरा-वीस तास सहज जातात. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की त्याची किंमत महाग वाटत नाही, आणि पन्नास पाउंडांत ‘हाताने शिवलेला आठ यार्डी लोकरी किल्ट’ देऊ करणाऱ्याचे गणित कुठेच जुळत नाही हे आपोआप कळते. ब्रिटनमधील हस्तव्यवसायांवर लक्ष ठेवणाऱ्या हेरिटेज क्राफ्ट्स या संस्थेने किल्ट शिवण्याची कला धोक्यात आलेल्या व्यवसायांच्या यादीत घातली आहे. त्या बाईंनी आपल्यानंतर हे काम करायला आपल्या घरी कोणी नाही असे सांगितले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण काळजी होती. ती आता मलाही वाटते.

मापांच्या बाबतीत विश्वासू विक्रेता ओळखणे सर्वांत सोपे. किल्ट पॅन्टपेक्षा पुष्कळ वर, साधारण बेंबीच्या रेषेत बसतो, त्यामुळे पॅन्टचे माप इथे कामाचे नाही. कंबर, नितंबाचा सर्वांत रुंद भाग आणि कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी, अशी तीन मापे लागतात, आणि ती दुसऱ्या माणसाने घ्यायची असतात. ऑनलाइन विक्रेता तुम्हाला फक्त ‘लहान, मध्यम, मोठा’ असे विचारत असेल, तर तो किल्ट तुमच्यासाठी शिवला जाणार नाही हे उघड आहे. चांगला विक्रेता मापे आल्यावर उलट प्रश्न विचारतो. भाच्याच्या बाबतीत नितंबाचे माप कमरेच्या मानाने कमी वाटल्याने त्यांनी ते पुन्हा घ्यायला लावले, उंची विचारली, आणि गुडघ्यांवर बसून जमीन व कंबर यांतले अंतरही मोजायला सांगितले, कारण तसे बसल्यावर किल्टची कड जमिनीपासून जेमतेम वर राहावी असा जुना आडाखा आहे. ते प्रश्न ऐकून मी निश्चिंत झालो.

बाकीच्या साहित्याविषयी थोडक्यात. सगळा संच एकाच ठिकाणी घेण्याचा मोह टाळावा, कारण शिवणकाम उत्तम असणाऱ्याकडचे स्पोरन अनेकदा बाहेरून आणलेले असते. स्पोरनची शिवण, साखळीचे कडे आणि मागची कातडी हात लावून पाहावी. फर असेल तर ती कोणत्या प्राण्याची हे विचारून लेखी घ्यावे. संरक्षित वन्यप्राण्यांच्या कातडीवर कायद्याची बंधने आहेत, आणि सील या समुद्री प्राण्याच्या उत्पादनांचा व्यापार युरोपीय संघाने 2010 पासून, आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांच्या पारंपरिक शिकारीचा अपवाद ठेवून, बंद केला. मोज्यात खोवायचा स्कीन डू हा छोटा सुरा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून वागवायला स्कॉटलंडच्या कायद्यात मुभा आहे, पण विमानात तो हातातल्या सामानात नेता येत नाही. भारतातल्या स्वागत समारंभासाठी पोशाख नेणाऱ्याला ही गोष्ट विक्रेत्याने सांगायला हवी आणि चांगला विक्रेता सांगतो. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावतात. ती दोन्ही पदरांतून आरपार टोचून दाखवणाऱ्या दुकानदाराकडून मी काहीही घेतले नसते, कारण त्याने कापड ओढले जाऊन फाटते. प्रिन्स चार्ली जॅकेट संध्याकाळच्या औपचारिक समारंभासाठी आणि आर्गाइल जॅकेट दिवसाही चालणारे, हा फरक तर विचारल्याशिवायच सांगितला जावा.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी माहीत असाव्यात. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत रद्द करण्याचा हक्क असतो, पण तुमच्या मापाने शिवलेल्या वस्तूला तो लागू होत नाही. वस्तू सदोष निघाली किंवा सांगितल्याप्रमाणे नसली, तर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याचे संरक्षण मात्र कायम राहते, म्हणून मागणीच्या पावतीवर गिरणीचे नाव, कापडाचे वजन, यार्ड आणि हातशिलाई हे सगळे लिहून घ्यावे. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डाने द्यावी. 100 पाउंडांपेक्षा जास्त आणि 30,000 पर्यंतच्या किमतीच्या वस्तूसाठी 1974 च्या कायद्याने कार्ड देणारी बँकही जबाबदार धरली जाते, आणि महिनोन्‌महिने थांबावे लागणाऱ्या व्यवहारात मधेच दुकान बंद पडले तर तेवढाच आधार उरतो. केवळ बँक-हस्तांतरानेच पैसे मागणाऱ्या अनोळखी विक्रेत्यापासून दूर राहिलेले बरे.

ज्याला एकदाच घालायचा आहे त्याने भाड्याने घ्यावा, असे मी बिनदिक्कत सांगेन. स्कॉटलंडमधल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात भाड्याची दुकाने आहेत. नवरदेवाचे मित्र, मेव्हणे, वडील सगळे तिथूनच सजतात, आणि आमच्याकडच्या बहुतेक पाहुण्यांनीही तेच केले. भाड्याची दुकाने जुने झालेले किल्ट अधूनमधून विकायलाही काढतात, आणि धर्मादाय दुकानांत कोणा आजोबांचा जड, हाताने शिवलेला, अजून उत्तम अवस्थेतला किल्ट नव्या नकली किल्टच्या किमतीत मिळून जातो. तो उन्हात धरून कसरीची भोके पाहावीत, चुण्यांची शिवण कुठे उसवली आहे का ते आतून पाहावे, आणि मग तो थेट शिवणाऱ्या कारागिराकडे न्यावा. पट्टे व बक्कले हलवून कमरेत इंच-दोन इंचांचा फरक करता येतो. त्याहून जास्त फरक असेल तर सगळ्या चुण्या उसवून किल्ट नव्याने बांधावा लागतो आणि त्याचा खर्च नव्याच्या जवळ जातो, म्हणून असा किल्ट कितीही स्वस्त असला तरी दुकानातच राहू द्यावा.